पडद्यावरचा दगड आणि फितूर साक्षीदार

‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. त्याआधी तो डुक्कर वाहून नेतो तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई दिसतात. नागराज मंजुळेंचा हा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये लागला. एप्रिलअखेर आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून नितीन आगे या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली.

२०१६ मध्ये ‘सैराट’ आला. लोक गाण्यांवर नाचले, शेवट पाहून रडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून खर्डा खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. थिएटरात रडणारा समाज साक्षीच्या पिंजऱ्यात मुका का होतो? कारण तिकीट काढून रडायला धाडस लागत नाही. साक्ष देऊन त्याच गावात राहायला लागते.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. कार्यकर्त्यांनो, चित्रपटावर जरूर चर्चा करा. पण मोर्चा संपल्यावरही निकाल लागेपर्यंत साक्षीदाराच्या दारात उभे राहा. जब्याचा दगड आपल्यालाही लागला पाहिजे. जयभीम!