वर्गाचं दार उघडं असू द्या

सप्टेंबरचा अंक शिक्षक दिनाचा. या वेळी गुरुमहिमा बाजूला ठेवून एका अवघड विषयाला हात घालतो आहोत : शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं अंतर.

आमच्या गणिताच्या बाई शाळा सुटल्यावर अडलेली उदाहरणं समजावून देत. थंडीतही वर्गाचं दार उघडंच असे, आणि एकट्या मुलाला त्या कधी थांबवून घेत नसत. म्हणून माया कमी नव्हती. डबा विसरलेल्याला त्यांच्याच डब्यातली अर्धी पोळी मिळे.

आज ते दार मोबाइलमध्ये आहे. रात्री साडेदहाला नववीतल्या मुलीला सरांचा मेसेज येतो, ‘झोपलीस का?’ काही दिवसांनी, ‘आईला सांगू नकोस.’ अभ्यासाची सूचना पालकांच्या ग्रुपवर देता येते, मग हे लपवणं कशासाठी? आणि ज्यांच्या हाती आपले गुण आहेत, त्यांना ती पोर ‘नाही’ कसं म्हणणार?

२०१२च्या पॉक्सो कायद्याने शाळेतल्या कर्मचाऱ्याने केलेला लैंगिक अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हाच. ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब कायद्याला मान्य नाही, आम्हालाही नाही.

राज्याने २०२२मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायचा निर्णय घेतला. पालकहो, तुमच्या शाळेच्या समितीवर कोण आहे, हे याच आठवड्यात विचारून या. आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.