घाटावर सगळ्यात मागे कोण आहे?

थंडी पडली की दवाखान्यात सर्दी-खोकल्याबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, रविवारी मित्रांबरोबर घाट पळायला चाललो, काही हरकत नाही ना?" विचारणारे बहुतेक चाळिशी ओलांडलेले असतात. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, कुणी बँकेतले. हरकत कसली? उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकणाऱ्या आपल्या भागात मोकळ्या हवेत व्यायाम करायचे खरे दिवस हेच. पण हे गट ज्या पद्धतीने घाट चढतात, त्याबद्दल माझा आक्षेप आहे आणि तो काही जणांना कडू लागेल.

नांदुरा सपाटीवरचं गाव. सगळीकडे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, आणि चढ म्हणावा तर रेल्वे स्टेशनच्या पुलाचा जिना. वर्षभर आपण फार तर १०५ फुटी हनुमानापर्यंत फेरी मारतो आणि डिसेंबरात एकदम मोताळ्याच्या पुढे राजूर घाटात उतरतो. सहा-सात जण, एक गाडी, पहाटे पाचची वेळ. चढ लागला की गप्पा थांबतात आणि मनगटावरची घड्याळं सुरू होतात. पहिले दोघं वर पोहोचून ग्रुपवर फोटो टाकतात, तेव्हा शेवटचा दोन वळणं खाली एकटा असतो. माझा आक्षेप त्याच्या एकटेपणाला आहे.

थंडीत शरीर आधी स्वतःची ऊब वाचवतं. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्यात पहाटेची वेळ. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि सकाळच्या तासांत जास्त येतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. त्यावर सवय नसलेला चढ. तंबाखू किंवा खर्रा चालू असेल तर तोही हिशोबात धरा. तहान थंडीत कमी लागते, लघवीला मात्र जास्त होते, म्हणून घाम दिसत नसला तरी शरीरातलं पाणी कमी होत असतं.

चढावर छाती जड झाली, जबडा किंवा डावा हात दुखला, तर आपला माणूस काय म्हणतो? "काही नाही, गॅस झाला असन." रात्रीच्या हुरडा पार्टीवर खापर फोडतो आणि मित्रांसमोर लाज नको म्हणून दोन मिनिटं थांबून पुन्हा चालू लागतो. सोबत कुणी असेल तर तो त्याला खाली बसवेल, १०८ ला फोन करेल. सोबत कुणी नसेल तर 'गॅस'वर विश्वास ठेवणारा तो एकटाच.

मधुमेहींचं तर याहून नाजूक. रात्री नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतलं, किंवा निघताना ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेतली, पोटात फक्त चहा, आणि वर तासभर चढ. साखर उतरते, हातपाय थरथरतात, माणूस चिडचिडा होतो, बोलणं विसंगत होतं. मित्र म्हणतात, थंडी वाजतेय त्याला. थंडीने कुडकुडणाऱ्याला असा दरदरून घाम सहसा येत नाही, हा फरक लक्षात ठेवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर थरथर आणि धडधडही झाकली जाते, घाम तेवढा दिसतो. शुद्धीत असेल तर लगेच साखर, गूळ किंवा गोड चहा द्या. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा.

आता खऱ्या गारठ्याबद्दल. राजूर घाट म्हणजे हिमालय नव्हे. पण दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे बुलढाण्याच्या पठारावर पोहोचेपर्यंत दोनेक अंश गेलेच. वर वारा असतो आणि आत घामाने भिजलेला बनियन असतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता खेचून घेतं. धावताना हे कळत नाही, फोटोसाठी थांबल्यावर कळतं. शरीर फारच थंडावलं तर आधी बोबडी वळते, पावलं अडखळतात, बुद्धी मंदावते. त्यामुळे ज्याला त्रास होतोय त्यालाच तो उमगत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा आणि वादळी वारा आला. १७२ पैकी २१ धावपटू गारठून गेले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आसऱ्याला नेऊन वाचवलं. आपल्याकडे तसं हवामान येणार नाही. पण तब्येत कमावलेली असली तरी अशा वेळी दुसऱ्या माणसाचे डोळे लागतात, एवढं इथेही खरं आहे.

म्हणून माझं मत असं की गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याने ठरवावा. मापाला यंत्र नको. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, बघा. घरच्या तक्रारी सांगणारा मित्र तीन-तीन शब्दांवर आला की सगळ्यांनी वेग कमी करायचा. मात्र हे ऐकू येण्यासाठी त्याच्याजवळ असावं लागतं. यावर पळणारे म्हणतात, मग आमचा व्यायाम काय झाला? ज्याला दम काढायचा आहे त्याने वर जाऊन पुन्हा खाली यावं, शेवटच्याला गाठावं, पुन्हा वर जावं. दुप्पट व्यायाम होईल.

उताराबद्दल थोडं, कारण सोमवारी माझ्याकडे येणारे बहुतेक उतारानेच जखमी झालेले असतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. एखाद्या लहान, हळू उताराचा सराव आधी झाला असेल तर पुढच्या वेळी बराच कमी त्रास होतो. तेव्हा पहिल्या रविवारी उतरताना पळू नका. आधीच वेदनाशामक गोळी खाऊन निघण्याची टूम तर अगदी वाईट, पाणी कमी असलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जाते. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि पहाटे पाचचा अट्टहास का? सात-साडेसातला, ऊन आल्यावर निघा. जवळच ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तिथे अस्वलं आणि बिबटे आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघही सुमारे तीन हजार किलोमीटर चालून ज्ञानगंगेतच येऊन थांबला होता. अंधारात त्यांच्या वाटेत कशाला यायचं?

चाळिशीनंतर प्रथमच घाट करणाऱ्याने, किंवा मधुमेह, रक्तदाब, दमा असणाऱ्याने आधी एकदा तपासून घ्यावं, गोळ्यांची वेळ विचारून घ्यावी. खिशात गूळ-शेंगदाणे, पिशवीत कोरडा शर्ट आणि एक जाकीट. गाडी घाटाखाली लावलीत तर किल्ली सगळ्यात हळू चालणाऱ्याकडे द्या. बाकीचे आपोआप त्याची वाट पाहतील.