कर्ता कोण?

‘मी आज भुकेल्यांना तांदूळ दिला.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. ते खरे आहे काय, हा प्रश्न वेगळा.

2007 मध्ये जॉन ब्रीन यांनी ‘फ्रीराइस’ हे संकेतस्थळ सुरू केले. इंग्रजी शब्दाचा अर्थ चार पर्यायांतून निवडायचा. उत्तर बरोबर आले की तांदळाचे दहा दाणे दान झाले, असे पडद्यावर दिसे. त्याचे पैसे खेळणारा देत नसे. तेथे जाहिराती झळकवणाऱ्या कंपन्या देत. 2009 मध्ये हा उपक्रम संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे गेला. किलोभर तांदळात सुमारे पन्नास हजार दाणे धरले, तर एका किलोसाठी पाच हजार अचूक उत्तरे हवीत. तरीही तो तांदूळ खरा होता, आणि ज्याच्या पोटात तो गेला त्याला दात्याच्या हेतूशी कर्तव्य नव्हते. (शब्दसंपत्ती वाढते, हा लाभही भाषेच्या अध्यापकाने नाकारू नये.) माझा आक्षेप आहे तो अशा कृतीला ‘चळवळ’ म्हणण्याला.

आपण अभ्यासलेला कारकविचार येथे लावून पाहा. दानाचा कर्ता जाहिरातदार. भुकेला हा संप्रदान. मग खेळणारा कोण? तो केवळ करण: त्याचे लक्ष विकले जाते आणि त्या किमतीतून दान घडते. तरी वाक्यातले ‘मी’ मात्र त्याच्या वाट्याला येते, आणि त्या ‘मी’च्या समाधानात पुढचा प्रश्न विरून जातो.

वाटा लहान असणे हा दोष नव्हे. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड एकेका पैशावरच उभा होता. त्यातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. पण तो पैसा देणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातला होता, आणि परदेशी मालावाचून आपले खरोखरच अडते काय, हा प्रश्न त्या पैशाबरोबर घरोघर फिरत होता. भूक का आहे, मजुरी इतकी कमी का, हे प्रश्न कोणता उद्योगसमूह पुरस्कृत करील?

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील मजूर खडी फोडत होते आणि कामासाठी, मजुरीसाठी मोर्चेही काढत होते. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला. तेथे भुकेला संप्रदानाच्या जागी थांबला नाही. ‘मागणे’ या क्रियापदाचा तो कर्ता झाला.

‘तुम्ही एक झाड लावले’, ‘तुम्ही एका मुलीला शाळेत पाठवले’ अशी वाक्ये आपल्या भ्रमणध्वनीवरही येत असतील. विद्यार्थ्यांनी ती जमवावीत आणि प्रत्येकातील कर्ता, करण व संप्रदान ओळखून पाहावे.