पाहुणे गेल्यानंतरचा हिशेब

भाऊबीज आटोपली की बीडच्या बसस्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावोगावी सणासाठी आलेली मुले, सुना, नातवंडे आणि माहेरवाशिणी एक-दोन दिवसांत परत निघतात. या गर्दीची छायाचित्रे छापली जातात, जादा गाड्यांचे आकडे प्रसिद्ध होतात, खासगी ट्रॅव्हल्सच्या वाढीव भाड्याविरुद्ध निवेदने दिली जातात. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाल्यापासून प्रवासाच्या चर्चेत आणखी एका विषयाची भर पडली आहे. जे गेले त्यांच्या प्रवासाची अशी सांगोपांग चर्चा होते. ज्या घरातून ते गेले, त्या घरात दुसऱ्या दिवशी काय चालते, याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

चार-पाच दिवस आठ-दहा माणसांचा मुक्काम झालेले घर कसे दिसते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. माळ्यावरून काढलेल्या वाकळा आणि शेजारून आणलेल्या गाद्या, नातवंडांनी ओल्या केलेल्या सतरंज्या, मोरीत साचलेले पंचे आणि चादरी, फराळाचे तेलकट डबे, अंगणात फटाक्यांचा कचरा, कोनाड्यात विसरलेला मोबाईलचा चार्जर. शेजाऱ्यांची पातेली घासून, मोजून परत करायची असतात. त्यातून माणूस प्रवासाला निघाल्यावर लगेच केर काढू नये, असा संकेत आहे. त्यामुळे गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत झाडूला हात लागत नाही आणि नंतर सारे काम एकदम अंगावर येते. जाणाऱ्याविषयीची ममता या संकेतामागे आहे हे खरे. परंतु केर कोणी काढायचा, याविषयी तो संकेत मौन बाळगतो, कारण त्याचे उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते.

मराठवाड्यात नवरात्रापूर्वीच्या साफसफाईला ‘दसरा काढणे’ असे रीतसर नाव आहे. घट बसण्यापूर्वी घरातील यच्चयावत कपडालत्ता, वाकळा आणि अंथरुणे धुवायची, भिंती सारवायच्या किंवा रंगवायच्या, भांडीकुंडी उतरवून घासायची. या कामाला ठरलेला काळ आहे आणि घरातील प्रत्येकाचा त्यात थोडाफार वाटा आहे. पुरुषमंडळी बैलगाडीत किंवा अलीकडे टेम्पोत वाकळांचे गठ्ठे घालून नदीवर वा विहिरीवर नेतात, मुले काठावर वाळत घालतात, आणि ‘तुमचा दसरा काढून झाला का?’ असे गावात एकमेकांना विचारले जाते. महिनाभरानंतर, पाहुणे गेल्यावर, बव्हंशी तेच काम पुन्हा करावे लागते. या दुसऱ्या साफसफाईला मात्र नाव नाही, तिथी नाही आणि वाटेकरीही नाही. ‘आवरून घेणे’ एवढ्या मोघम शब्दावर तिची बोळवण होते. सणापूर्वीचे काम समाजाला दिसते, कारण त्याच्या शेवटी पाहुणे येणार असतात. नंतरचे काम पाहायला घरात कोणी उरलेले नसते.

हा प्रश्न केवळ घरगुती कुरबुरीचा आहे असे मानणाऱ्यांनी परळीचे उदाहरण घ्यावे. वैजनाथाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू तेथील एखाद्या लॉजमध्ये रात्रभर राहिला, तर त्याच्या खोलीची झाडलोट, चादर बदलणे आणि धुलाई ही सेवा ठरते. तिचे मोल भाड्यात धरलेले असते, झाडणाऱ्याला वेतन मिळते आणि ही सारी रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात समाविष्ट होण्यास पात्र असते. तोच यात्रेकरू मावशीच्या घरी उतरला, तर तीच चादर तितक्याच साबणाने धुऊनही राष्ट्रीय उत्पन्नात दमडीचीही भर पडत नाही. केंब्रिजचे प्रा. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही विसंगती दाखविली होती: एखाद्या गृहस्थाने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी लग्न केले, तर तिचे काम तेच राहूनही देशाचे उत्पन्न घटलेले दिसते. शंभर वर्षे हे उदाहरण वर्गावर्गांतून सांगितले जात आहे. विद्यार्थी हसतात, आणि तास संपतो.

राष्ट्रीय लेख्यांच्या जागतिक पद्धतीत तर याहून मौजेची गोष्ट आहे. घरासाठी पाणी वाहून आणणे हे त्या पद्धतीनुसार उत्पादन ठरू शकते, कारण पाणी ही वस्तू आहे. आणलेल्या पाण्याने वाकळ धुणे मात्र उत्पादन नव्हे. ती घरातल्या घरात दिलेली सेवा होय. म्हणजे हंडा डोक्यावर असेतो बाई उत्पादक आणि तो मोरीत उतरवताच अनुत्पादक! भारतीय रोजगार पाहणीत एवढीही सवलत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ हा संकेतांक आहे. घरकामाबरोबर सरपण, वैरण, भाजीपाला गोळा करणाऱ्या वा घरापुरते शिवणकाम करणाऱ्यांसाठी ९३. हे दोन्ही गट श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात.

बीड जिल्ह्यात पाण्याचा उल्लेख केल्याविना कोणताही हिशेब पुरा होत नाही. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. आठ पाहुणे पाच दिवस राहिले, तर त्या प्रमाणानेच २,२०० लिटर पाणी अधिक लागते, आणि ते गेल्यानंतरच्या धुण्याचे पाणी त्यात धरलेले नाही. दिवाळीत विहिरींना पाणी असते म्हणून हे निभावते. मे महिन्याच्या सुटीत नातवंडे येतात तेव्हा अनेक गावे टँकरची वाट पाहत असतात, आणि नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव खुद्द बीड शहरालाही नवा नाही. मग पाहुण्यांच्या चादरी कोपऱ्यात पडून राहतात आणि एखाद्या पहाटे, पाणी आले की, धुतल्या जातात.

सरकारी आकडे या बाबतीत अगदीच मुके आहेत असे नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ९७, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली याचा आनंद मानावा, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली आहेत. शिवाय ही ८८ मिनिटे सर्व पुरुषांची सरासरी नव्हे. त्या दिवशी असे काही काम ज्यांनी केले, त्यांच्यापुरतीच ती आहे. आणि असे पुरुष चारांत जेमतेम एक भरतात. उरलेल्या तिघांच्या नावावर शून्य आहे.

देशांतर्गत पर्यटनाचीही पाहणी होते. २०१४-१५ च्या पाहणीत मुक्कामाच्या प्रवासांपैकी सर्वाधिक प्रवास नातलगांच्या भेटी, लग्नकार्ये अशा सामाजिक कारणांसाठी झाल्याचे दिसून आले. अशा प्रवाशाने भाड्यावर किती, खाण्यावर किती आणि खरेदीवर किती खर्च केला, याची विचारपूस होते. ज्या घरात तो उतरला, त्या घरच्या बाईचे किती तास त्याच्यामागे गेले, हे त्या खर्चात बसत नाही. भारतातील सर्वांत मोठी निवासव्यवस्था लॉज-हॉटेलांची नसून मावशी, आत्या, काकू आणि आजी यांची आहे, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरू नये.

यातही आजीची स्थिती अधिक विचार करण्याजोगी आहे. गेल्या दोन पिढ्यांत शिक्षण आणि नोकरी यांसाठी बीड जिल्ह्यातून पुण्या-मुंबईकडे जो ओघ लागला, त्याने गावोगावी केवळ म्हातारा-म्हातारी राहत असलेली घरे मागे ठेवली. पूर्वी पाहुणे गेल्यावर आवरायला घरात दोन-तीन सुना आणि लेकी असत. काम तेव्हाही बायकांवरच पडे, पण ते वाटले जाई. आता सुनाच पाहुण्या म्हणून येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सणाचे चार दिवस त्यांचाही वेळ चुलीपुढेच गेलेला असतो आणि पुण्याच्या बंद घरातील धूळ त्यांची वाट पाहत असते. ओवाळणी घेऊन निघालेल्या नणंदेचीही हीच गत. परिणामी सत्तरीला टेकलेल्या बाईपुढे दहा वाकळांचा ढीग उरतो. शहरातील ज्या घरांत धुण्याभांड्यांना बाई आहे, तिथे तीही सणाला सुटीवर असते, कारण पाहुणे तिच्याकडेही असतात. परतल्यावर पाहुण्यांच्या जादा भांड्यांचे जादा पैसे ती मागते, तेव्हा घरोघरी कुरकुर होते. वस्तुतः या सर्व व्यवहारात अर्थशास्त्र नीट कळलेली व्यक्ती तीच होय.

ऊसतोड मजुरांच्या घरची दिवाळी याहून निराळी. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची गाडी दाराशी येते तेव्हा घर आवरण्यास सवड नसते. कुलूप लागते किंवा घर आणि शाळेतली मुले म्हाताऱ्यांवर सोपवली जातात. फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल त्या कोयत्यावर दिली जाते आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बाईने तोडलेला ऊस काट्यावर मोजला जातो खरा, पण तिच्या नावावर नव्हे. आणि पहाटे खोपीतील स्वयंपाक आणि रात्री धुणी-भांडी हे तर त्या कोयत्यातही मोजले जात नाही. स्त्रीचे श्रम दुसऱ्याच्या नावात विरघळवून टाकण्याची ही पद्धत जिल्ह्याला अपरिचित नाही, एवढेच येथे नोंदवायचे.

अशा श्रमांचे मोजमाप अशक्य आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. गावगाड्यात परटाच्या धुण्याला ठरलेले बलुते होते. म्हणजे धुणे हे काम आहे, हे अडाणी समजल्या गेलेल्या त्या व्यवस्थेलाही ठाऊक होते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामांवर बायांनी उपसलेली माती आणि फोडलेली खडी मोजूनच मजुरी दिली गेली. न्यायालयांनीही घरकामाला किंमत लावली आहे. जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निदुर्घटनेतील भरपाईविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली निर्णय देताना ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या सेवांचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेऊन गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मोल स्पष्ट शब्दांत मान्य केले. यातील दुःखद भाग असा, की ही किंमत ठरविण्याची वेळ काम करणारी बाई मरण पावल्यानंतर येते.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १,५०० रुपयांनी या श्रमांची दखल घेतली, असे काहींना वाटते. गरजू घरात ही रक्कम उपयोगी पडते, याविषयी वाद नाही. परंतु योजनेचे नावच पाहावे. ते भाऊबीजेच्या परिभाषेतील आहे. भावाने द्यावे, बहिणीने घ्यावे. ओवाळणी ही मायेची खूण असते, श्रमाचा मोबदला नव्हे, आणि ओवाळणी मागून घेता येत नाही. तमिळनाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या दरमहा १,००० रुपयांच्या योजनेच्या नावात ‘हक्क’ हा शब्द घातला आणि गृहिणींच्या विनामोबदला श्रमांचा दाखला दिला. रक्कम कमी, पण शब्द अधिक नेमका. शिवाय आपल्या योजनेची वयोमर्यादा २१ ते ६५ आहे. वाकळांच्या ढिगापुढे बसलेली आजी पुष्कळदा त्या मर्यादेपलीकडे गेलेली असते.

आतिथ्याला पैशात मोजू नये, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. लेकरे येतात म्हणूनच त्या घराला घरपण येते, आणि त्यांच्या मुक्कामाचे बिल करावे असे कोणतीही आजी म्हणणार नाही. येथे मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली सुचविलेली कसोटी कामी येते: जे काम पैसे देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करवून घेता येते, ते उत्पादक काम समजावे. नातवाला कुशीत घेऊन झोपणे तिसऱ्याकडे सोपवता येत नाही. त्या नातवाने ओली केलेली सतरंजी धुणे सोपवता येते. पहिले प्रेम आहे, दुसरे श्रम. प्रेमाच्या नावावर श्रम खपवण्याची सवय लागल्यामुळे दोहोंतील ही रेघ पुसली गेली आहे. आणि जे काम तिसऱ्याकडे सोपवता येते, ते घरातल्या दुसऱ्याकडेही सोपवता येतेच.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. आजवरच्या गणनांत केवळ घरकाम करणाऱ्या बाईची नोंद ‘काम न करणारी’ अशीच होत आली. प्रगणक दाराशी आला असता घरातील पुरुष ‘ती काही करत नाही, घरीच असते’ असे जे उत्तर देतो, त्यात बदल होण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही. सणाच्या रजेचा हिशेब मांडतानाही ती नाही. रजेचा शेवटचा दिवस संपूर्णपणे प्रवासाला देण्याची प्रथा पडून गेली आहे: सकाळी न्याहारी, दुपारी डबा बांधून निघणे आणि दिवेलागणीला पुणे. वास्तविक रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स भरपूर आहेत आणि मधला अर्धा दिवस गावातच मिळू शकतो. तेवढ्यात मुलांना आणि जावयांना विहिरीवर दोन खेपा सहज करता येतील. भिजलेली वाकळ एकट्याने पिळता येत नाही. तिची दोन टोके धरायला दोन माणसे लागतात, आणि पाहुणे गेल्यावर त्या घरात बहुधा एकच जोडी हात उरतात.