हरकतींची पोच मिळते, उत्तर मिळत नाही

'नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' सरकारी मराठीतलं हे वाक्य वाचलं की आमच्या राजारामपुरीतले लोक दोन प्रकारे वागतात. निम्मे हसतात आणि पान उलटतात. उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तयार मजकूर पुढं ढकलून फर्ज अदा झाल्याच्या समाधानात झोपतात. माझं भांडण दोघांशीही आहे. पण पहिलं भांडण सरकारशी, कारण लोकांना अशी सवय त्यानंच लावली.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून माझ्या विषयातलंच उदाहरण घेते. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. ओरड झाली. १७ जूनला दुसरा निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं पाहिजेत, अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. मग समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, कोल्हापूरलाही आली, ऑनलाइन प्रश्नावलीही ठेवली गेली. समिती लोकांत आली हे चांगलंच झालं. पण क्रम पाहा. आधी हुकूम, मग माघार, मग प्रश्न. घर बांधून झाल्यावर पाया कसा घेऊ म्हणून विचारावं, तसं हे झालं.

या सगळ्या गदारोळात आमच्या मुलांचं नाव मात्र नेमानं घेतलं जात होतं. इतर माध्यमांची मुलं पहिलीपासून तीन भाषा शिकतातच, मग मराठी माध्यमाच्या मुलांनी मागं का राहावं, असा युक्तिवाद होता. 'इतर माध्यमं' म्हणजे उर्दू, गुजराती, कन्नड वगैरे. माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी असं तिहेरी ओझं आमची पोरं खरोखर वाहतात. म्हणजे आमची मुलं पुरावा म्हणून चालली. त्यांना शिकवणाऱ्यांना विचारावं, असं मात्र हुकूम काढण्याआधी कुणाला सुचलं नाही.

विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? सहा वर्षांचं मूल उर्दू उजवीकडून डावीकडं लिहितं आणि मराठी डावीकडून उजवीकडं. दोनशे पानी एकच वही घरून आलेली असते. मग एका बाजूनं उर्दू सुरू होतं, दुसऱ्या बाजूनं मराठी, आणि दिवाळीच्या सुमारास दोन्ही भाषा वहीच्या मध्यावर एकमेकींना भेटतात. उर्दूत 'ळ' नाही आणि 'ण' नाही, त्यामुळं 'बाळ' आणि 'बाल' यांतला फरक कानाला कळायलाच काही महिने जातात. घरात अम्मीशी बोलायची दख्खनी वळणाची बोली आणखी वेगळी. तरीही मुलं शिकतात, आणि मराठी चांगली शिकतात. ती शिकतात कारण मराठी गल्लीत आहे, भाजीवाल्याकडं आहे, शेजारच्या काकूंच्या तोंडात आहे. इंग्रजी यांपैकी कुठंच नाही, म्हणून ती पाठांतरावर अडकते. तीन भाषा पहिलीत पेलतात का, या प्रश्नाचं हे उत्तर 'हो' किंवा 'नाही'च्या चौकोनात मावत नाही. पण ते आमच्या वर्गांत वर्षानुवर्षं पडून आहे. आधी विचारलं असतं, तर दोन शासन निर्णयांचा कागद वाचला असता.

आता कुणी म्हणेल, एका प्रकरणावरून एवढं काय? जनसुरक्षा विधेयक घ्या. ते संयुक्त समितीकडं गेलं, लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या आणि बारा हजारांहून अधिक आल्या. जुलै २०२५ मध्ये मोजक्या बदलांसह ते मंजूर झालं. कायदा बरा की वाईट हा वाद आज बाजूला ठेवते. माझा प्रश्न साधा आहे. एवढ्या लोकांनी जे लिहिलं, त्यातलं काय घेतलं, काय सोडलं आणि का सोडलं, हे लिहिणाऱ्याला कुणी कळवलं? केंद्र सरकारनं २०१४ सालीच स्वतःसाठी धोरण ठरवलं होतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा आणि आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश संकेतस्थळावर द्यायचा. ते केंद्रानं किती पाळलं हा वेगळा लेख होईल. पण निदान कागदावर आहे. महाराष्ट्रानं स्वतःसाठी असा नियम करून तो पाळला, तर मुंबईच्या वर्तमानपत्रांआधी मी त्याचं कौतुक करीन.

भाषेचाही प्रश्न आहेच. २०२० साली पर्यावरण मंजुरीच्या नियमांचा केंद्राचा मसुदा इंग्रजी-हिंदीत निघाला. तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे आपण वाटले. पण मंत्रालयाची मराठी 'सदर', 'तद्अनुषंगाने' आणि 'उपरोक्त'च्या खाली इतकी दबलेली असते की बीएड झालेल्या बाईलाही ती दोनदा वाचावी लागते. मग बागवान गल्लीतल्या फळवाल्यानं त्यावर हरकत कशी घ्यायची?

आता आपल्या माणसांशी बोलते. थोडं लागेल. वक्फ सुधारणा विधेयकाच्या वेळी जुम्म्याच्या नमाजनंतर क्यूआर कोड स्कॅन करून ईमेल पाठवण्याची लाट आली होती. संयुक्त संसदीय समितीकडं सगळ्या बाजूंची मिळून ९७ लाखांवर निवेदनं गेली. एप्रिल २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालंच. समितीतल्या विरोधी सदस्यांच्या भिन्नमतपत्रिकांतलाही काही भाग आधी झाकला गेला आणि गहजब झाल्यावर परत जोडला गेला. निवडून आलेल्यांच्या लिहिण्यावर हात फिरतो, तिथं आपल्या ईमेलचं काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण लाखो लोकांनी शब्दन् शब्द तोच मजकूर पाठवला, तर वाचणाऱ्याला तो एकच कागद वाटतो. त्याला दुर्लक्ष करायला आपणच सोपं करून दिलं. तुमच्या मोहल्ल्यातल्या वक्फ जमिनीचा सर्व्हे नंबर, तिच्यावर बसलेली दुकानं, येणारं नाममात्र भाडं, मुतवल्लीनं न दाखवलेला हिशेब, हे लिहिलं असतं तर ते झटकून टाकणं कठीण गेलं असतं. अर्थात मुतवल्लीचा हिशेब लिहायला आपली तयारी नव्हती, हेही खरं.

आणि 'काही होत नाही' म्हणून हसणाऱ्यांनो, कोल्हापूरचा टोल काही अर्ज भरून गेला नाही, हे मला ठाऊक आहे. लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर होते. पण प्रत्येक गोष्टीसाठी रस्त्यावर उतरायला शिक्षकाला रजा मिळत नाही, रोजंदारीवाल्याला हाजरी मिळत नाही आणि आज मुसलमान पोरगं मोर्चात दिसलं तर त्याच्या आईची झोप उडते. ज्याला रस्ता महाग पडतो, त्यालाच कागदाची जास्त गरज आहे. म्हणून तर हा कागद पोकळ ठेवणं मला अपमान वाटतो.

लाखो सूचना वाचणार कोण, हा बचाव मला पटत नाही. दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिका दर वर्षी आम्ही शिक्षक वाचतोच की. प्रत्येक प्रश्नाला गुण देतो, बेरीज तपासतो आणि पोराला शंका आली तर ठरलेलं शुल्क भरून झेरॉक्स मागता येते. सरकारकडं मी गुणसुद्धा मागत नाही. आलेल्या सगळ्या सूचना उघड्या ठेवा. शिवीगाळ गाळा, पण काय गाळलं त्याचा नियम आधी सांगा. आणि शेवटी एक तक्ता लावा, त्यात तीन रकाने हवेत: मुद्दा, स्वीकारला की नाही, कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही.