तलवाड्याच्या वाटेवरची सराई

इलेक्ट्रिक गाडी घेतली की गावाकडचे लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘एका चार्जिंगमध्ये किती चालते?’ शहरातल्या शहरात फिरणाऱ्यासाठी हा प्रश्न ठीक आहे. पण ज्याला पुण्याहून बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याला जायचे आहे, त्याला दुसरेच प्रश्न पडतात. गाडी कुठे थांबवायची, किती वेळ थांबवायची आणि तेवढा वेळ बायकामुलांसह आपण तिथे बसायचे कसे?

माझे गाव तलवाडा, तालुका गेवराई. त्वरितादेवीच्या मंदिरामुळे या गावाचे नाव पंचक्रोशीबाहेरही माहीत आहे. एक भाऊ गावात, दुसरा पुण्यात, तिसरा औरंगाबादेत अशी आमच्याकडे बरीच घरे आहेत. ईद, लग्न, मय्यत, जमिनीची वाटणी या कारणांनी त्यांचे येणेजाणे चालू असते. आधी हा प्रवास एसटीने आणि काळीपिवळीने व्हायचा, मग जुन्या पेट्रोल गाड्या आल्या. आता पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून काही जण इलेक्ट्रिक गाडीकडे वळू लागले आहेत. म्हणून या प्रवासाचा हिशेब नीट मांडायला हवा.

पुण्याहून नगर सुमारे १२० किलोमीटर. तिथून पाथर्डीमार्गे गेवराईकडे आणि पुढे तलवाड्यापर्यंत साधारण १५० किलोमीटर धरा. म्हणजे एकूण २७० च्या आसपास. समजा गाडीची बॅटरी ४० युनिटची आहे. जाहिरातीत हिचा पल्ला चारशेच्या पुढे सांगतील. पण तो चाचणीतला आकडा असतो. मराठवाड्यातला उन्हाळा, चालू एसी, गाडीत पाच माणसे आणि ऐंशी-नव्वदचा वेग एवढे धरले तर एका युनिटला साडेसहा किलोमीटर हा हिशेब शहाणपणाचा. त्या हिशेबाने पूर्ण बॅटरीत २६० किलोमीटर होतात, म्हणजे गाव दहा किलोमीटरवर असताना गाडी रस्त्यात उभी राहणार.

म्हणून थांबा हवाच, आणि तो नगरलाच घ्यावा. तिथे पोहोचताना बॅटरी निम्म्याच्या थोडी वर असते, त्यामुळे अनेकांना वाटते की अजून पुढे जाऊ. हा मोह टाळावा. बॅटरी संपत आली की चार्जिंग करायचे ही मोबाइलची सवय आहे. लांबच्या प्रवासात जिथे यंत्रे जास्त आहेत तिथे चार्जिंग करायचे असते. नगर मोठे शहर आहे. एक यंत्र बंद असेल तर दुसरे शोधता येते. पाथर्डीच्या पुढे नकाशा विरळ होत जातो. नगरला ३० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर अर्धा तास दिला तर बॅटरी ८५ टक्क्यांपर्यंत जाते. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही, कारण ८० टक्क्यांनंतर बॅटरी वीज हळूहळू घेते आणि शेवटच्या थोड्या टक्क्यांत बराच वेळ जातो. ८५ वरून निघालेली गाडी तलवाड्यात २५ ते ३० टक्के शिल्लक ठेवून पोहोचते. रस्ता बंद असला, वळसा पडला, तरी साठ-सत्तर किलोमीटर हाताशी राहतात.

गावात फास्ट चार्जरची वाट पाहू नये. घरात १५ अँपिअरचा पॉवर प्लग असला की काम होते. रात्रीच्या दहा तासांत त्यातून २५ ते ३० युनिट मिळतात आणि सकाळी बॅटरी जवळजवळ भरलेली असते. देवीचे नाव त्वरिता असले तरी तिच्या गावात चार्जिंग सावकाशच होणार. मुक्कामाला आलेल्या माणसाला घाई कशाची? अट एवढीच की वायरिंग जाड हवे आणि अर्थिंग पक्के हवे. पाहुणा पोहोचण्याआधी गावातल्या वायरमनला बोलावून ते तपासून घेतले, तर प्रवासाची निम्मी तयारी तिथेच झाली.

इथवरचा हिशेब कागदावर मांडता येतो. आता जे कागदावर येत नाही त्याबद्दल.

पेट्रोल पंपावर माणूस पाच मिनिटे थांबतो. खिडकीची काच खाली करतो, पैसे देतो, निघतो. त्या पाच मिनिटांत तुमचे नाव काय, तुम्ही कोण, डब्यात काय आणले आहे, हे कुणाला कळत नाही. चार्जिंगला मात्र तीस ते साठ मिनिटे लागतात. माणूस गाडीतून उतरतो. मुलांना लघवीला न्यायचे असते, म्हातारीला पाय मोकळे करायचे असतात, डबा उघडायचा असतो. नमाजची वेळ झाली तर वजूला पाणी आणि चटई अंथरायला दोन हात जागा लागते. म्हणजे तुम्ही अनोळखी माणसांमध्ये तासभर राहता.

त्यामुळे आमच्या घरांत थांबा निवडताना एक प्रश्न विचारला जातो, जो कोणत्याही ॲपमध्ये नसतो. तिथे निर्धास्त बसता येईल का? बुरखा घातलेली आई आणि टोपी घातलेले वडील सोबत असतील, रात्रीचे दहा वाजले असतील आणि यंत्र एखाद्या बंद शोरूमच्या मागे अंधारात असेल, तर गाडीचा मालक पुढच्या थांब्याचा विचार करू लागतो. बॅटरी नाही म्हणते, मन हो म्हणते. ही भीती पोकळ आहे असे म्हणून उडवून लावू नये. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींनी मालकांची नावे पाटीवर लावावीत असे फर्मान निघाले होते. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. रस्त्याकडेच्या माणसाला भूक विचारण्याआधी नाव विचारायचे, ही त्यामागची वृत्ती होती. ती फक्त तिकडेच आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पण हा प्रश्न फक्त मुसलमानाचा आहे असेही मी म्हणणार नाही. एकटी गाडी चालवणारी बाई हाच प्रश्न विचारते. गावकुसाबाहेरून शिकून वर आलेले कुटुंब विचारते. मधुमेहाचा म्हातारा स्वच्छ संडास आहे का ते विचारतो. यंत्र किती किलोवॅटचे आहे हे कंपनी सांगते, पण तिथे दिवा आहे का, पाणी आहे का, माणूस आहे का, हे कुणी सांगत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की चार्जिंगचा थांबा यंत्र म्हणून मोजू नये, सराई म्हणून मोजावा.

सराई हा शब्द आपल्याला नवा नाही. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने आपल्या हमरस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी त्या काळच्या रीतीप्रमाणे पाण्याची आणि जेवणाची वेगळी सोय होती, असे अब्बास खान सरवानीने लिहून ठेवले आहे. वेगळे रांजण आज आपल्याला खटकतील, खटकायलाच हवेत. पण दोघांनाही त्याच आवारात रात्र काढता येईल, ही हमी राज्याने घेतली होती.

लांब कशाला, औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की बघा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणायचे, उंचावरून सोडायचे आणि त्या जोरावर जाते फिरवायचे. त्या पिठावर फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू जेवत. निसर्गाची ऊर्जा घेऊन मुसाफिराला पुढच्या वाटेसाठी ताकद द्यायची, हे काम मराठवाड्यात पूर्वीच होऊन गेले आहे. आमच्या धर्मातही वाटसरूचे स्थान मोठे आहे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत अडलेला प्रवासी आहे. मोहरमला आपण जी सबील लावतो, त्या शब्दाचा मूळ अर्थच वाट असा आहे. शेजारच्या मंदिरापुढची पाणपोईही तेच काम करते.

यावर कुणी म्हणेल, ही सोय सरकारने करावी. बरोबर आहे. २०२१ च्या महाराष्ट्राच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात चार्जिंग केंद्रांची उद्दिष्टे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि सोलापूर या शहरी भागांसाठी होती. सज्ज करायचे महामार्ग होते मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर आणि पुणे-नाशिक. बीड जिल्हा दोन्ही याद्यांत नव्हता. २०२५ च्या नव्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे म्हटले आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच अंतर होते. टोलमाफी मात्र मिळाली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गाला. यातला एकही रस्ता बीड जिल्ह्यातून जात नाही. सवलत आधी श्रीमंत रस्त्यावर पोहोचते आणि गरीब रस्त्याच्या वाट्याला धोरणाचा कागद येतो. त्या २५ किलोमीटरचा हिशेब आपल्या आमदार-खासदारांना विचारायलाच हवा.

पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. ढाबेवाला, लॉजवाला, ग्रामपंचायत, मंदिराचे विश्वस्त, मशिदीची कमिटी, कुणीही नियमांत बसवून ते सुरू करू शकते. आपल्याकडे मोटारीला पंप लागतो म्हणून आधी पंप झाले आणि मग मोटार आली, असे घडलेले नाही. जर्मनीत १८८८ साली बर्था बेंझ मुलांना घेऊन मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाला निघाली, तेव्हा पंप नव्हतेच. वाटेत तिने इंधन विकत घेतले ते औषधाच्या दुकानातून. त्या दुकानदाराने सरकारी धोरणाची वाट पाहिली नाही.

बऱ्याच गावांत मशिदीला रस्त्यालगत गाळे असतात. त्यांतल्या एका गाळ्यापुढे स्वतंत्र मीटर, दोन-तीन चांगले पॉवर प्लग, एक दिवा, एक बाकडे आणि पाण्याचा माठ एवढे ठेवायला लाखो रुपये लागत नाहीत. मशिदीच्या मीटरवरून चोरून वायर ओढू नये. रीतसर जोडणी घ्यावी, चार्जिंगसाठी विजेच्या दराचा वेगळा वर्ग आहे. युनिटमागे दर ठरवावा, पाटीवर लिहावा आणि जमाखर्च जुम्याला सर्वांपुढे ठेवावा. मंदिराच्या वाहनतळावरही हेच करता येईल. नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनाला येणारा भाविक आणि ईदला घरी येणारा मुसलमान, दोघांच्या गाडीला लागणारी वीज एकच आहे.

यात रोजगारही आहे. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले होते की नोकरी मिळत नसल्याने मुस्लीम कामगार मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारावर जगतो. आमची कितीतरी मुले गॅरेज, वेल्डिंग, पंक्चर आणि मोटार रिवायंडिंगच्या कामांत आहेत. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल लागत नाही, क्लचप्लेट लागत नाही. म्हणजे या कामांचा एक भाग जाणार. जे रिवायंडिंग करतात त्यांना वीज कळते. त्यांनी अर्थिंग, चार्जरची दुरुस्ती आणि बॅटरीची तपासणी शिकून घेतली तर थांब्यावरचा माणूस तेच होतील. अर्धा तास अडकलेला प्रवासी चहा पितो, भजी खातो, हवा तपासून घेतो. हे गिऱ्हाईक पंपावर कधीच मिळत नव्हते.

आणि प्रवाशांनीही एक जबाबदारी घ्यावी. ज्या थांब्यावर आदराने बसू दिले, पाणी दिले, त्याची नोंद ॲपवर करावी. किती मिनिटांत किती टक्के चढले एवढेच लिहू नये. दिवा होता का, संडास स्वच्छ होता का, घरच्या बायकांना कसे वाटले, हेही लिहावे. यंत्र बंद असेल तर तेही लगेच लिहावे, म्हणजे मागून येणाऱ्याची फेरी वाचेल. वाटेतला दगड बाजूला करणे हेही पुण्याचे काम आहे, असे आपण मुलांना शिकवतो. ही नोंद त्याच जातीची आहे.

तलवाड्याच्या ग्रामसभेपुढे हा विषय यावा अशी माझी इच्छा आहे. ठराव दोन ओळींचा पुरे. गावात येणाऱ्या कोणाही वाटसरूला ठरलेल्या दराने वीज मिळेल, आणि गाडी चार्ज होईपर्यंत बसायला सावली आणि प्यायला पाणी मिळेल. नाव विचारायची गरज नाही, मीटरचा आकडा पुरेसा आहे.