कोळशापासून तेल बनेल, पण हायड्रोजन कुठून आणणार?

भारत गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो. कोळसा मात्र देशात भरपूर आहे. त्यामुळे तेलाचे भाव भडकले की कोळशापासूनच तेल का बनवत नाही, असा प्रश्न हमखास येतो. तंत्रज्ञान जुनंच आहे. खरी अडचण कोळशाच्या रसायनातच आहे.

फ्री रॅडिकल म्हणजे काय?

कोळसा हवेशिवाय साधारण ४०० अंश सेल्सिअसला तापवला की त्याच्या रेणूंमधले कमकुवत बंध तुटतात. प्रत्येक तुकड्याकडे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन उरतो. असा तुकडा म्हणजे फ्री रॅडिकल. तो फार वेळ एकटा राहत नाही, जवळ जे मिळेल त्याच्याशी जोडला जातो.

तेल की कोक?

तुकड्याला हायड्रोजन मिळाला तर तो स्थिर होतो, लहानच राहतो आणि तेल मिळतं. नाही मिळाला तर तुकडे एकमेकांना चिकटून कोक तयार होतो. म्हणून टेट्रालिनसारखं द्रावक वापरतात. ते आपला हायड्रोजन देतं आणि स्वतः नॅप्थलीन बनतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांमुळे घराघरांत माहीत झालेला पदार्थ तो हाच.

मग अडतं कुठे?

दगडी कोळशात दर १० कार्बन अणूंमागे साधारण ८ हायड्रोजन अणू असतात, पेट्रोल-डिझेलमध्ये २०च्या आसपास. ही तूट बाहेरून भरावी लागते. जर्मनीच्या फ्रीड्रिख बर्गियस यांनी १९१३ मध्ये प्रचंड दाबाखाली हायड्रोजन देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९३१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. पण ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालली ती युद्धकाळातल्या जर्मनीत, जिथे इंधन हवंच होतं, खर्च दुय्यम होता.

भारतानं काय विचारायला हवं?

२०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या गॅसिफिकेशनचं भारताचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. यात कोळशाचा थेट वायू करतात, पण हायड्रोजनची तूट इथेही सुटत नाही. वाफेतून हायड्रोजन काढताना कोळशातला बराच कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.

म्हणूनच ‘स्वच्छ कोळसा’ हे लेबल लावण्याआधी प्रत्येक प्रकल्पानं दोन आकडे जाहीर करायला हवेत : हायड्रोजन कुठून आणि किती, आणि दर टन उत्पादनामागे कार्बन डायऑक्साइड किती. पैसा जनतेचा आहे, त्यामुळे हा हिशेबही जनतेसमोर यायला हवा.